मुलींनी मुलांशी कुस्ती खेळावी का? आयोवातली एक न झालेली कुस्ती आणि मामांचा फोन

(हे या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना दर वाक्यात येणारे माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत, मध्येच भुंकणारं शेजारचं कुत्रंही काढलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

बसमध्ये असाल, ट्रॅफिकमध्ये असाल, भांडी घासत असाल, तर इअरफोन नीट लावा. आज विषय जरा वेगळा आहे. कुस्ती.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मामांचा फोन आला. मामा कोल्हापूरजवळच्या एका गावात राहतात. ते साडेनऊला झोपणारे, त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघून मी आधी घाबरलोच. पण मामा थेट मुद्द्यावर आले. "काय रं भाच्या, तू अमेरिकेत हुतास न्हवं? तिकडं शाळंत पोरी पोरांसंगं कुस्ती खेळत्यात म्हणं. खरं हाय का?"

मी म्हटलं, "खरं आहे मामा. पण का हो?"

मग सगळं कळलं. माझी मामेबहीण आठवीत आहे. दोन वर्षं गावातल्या तालमीत जाते. गावात तिच्या वजनाची दुसरी मुलगी नाही, त्यामुळे ती पोरांबरोबरच सराव करते. आत्तापर्यंत कुणाला काही वाटलं नव्हतं. आता ती चौदाची झाली आणि कुजबुज सुरू झाली. एका पोराच्या घरचे वस्तादांना जाऊन भेटले. वस्ताद मामांना म्हणाले, "तुमीच सांगा, काय करायचं?" मामी म्हणते बास झालं. आणि पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मामांचा प्रश्न एवढाच होता: "पाठवू का थांबवू?"

आता मी कोण सांगणारा? मी सॉफ्टवेअरवाला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच तालमीत पंधरा दिवस गेलो होतो, सोळाव्या दिवशी कान सुजवून घरी बसलो. पण मामांना माहीत होतं की मी कामानिमित्त सात महिने आयोवा राज्यात होतो. आणि हा प्रश्न जिथे सगळ्यात जोरात भांडला गेला, त्या जागांपैकी आयोवा एक आहे. म्हणून मी म्हटलं, "मामा, मला चार दिवस द्या." त्या चार दिवसांचा अभ्यास म्हणजे हा एपिसोड.

आयोवा म्हणजे तिकडचं कोल्हापूर

आयोवात मक्याची शेतं, डुकरांचे गोठे आणि कुस्ती. हिवाळ्यात बाहेर उणे पंधरा अंश असतं आणि शाळेच्या जिममध्ये अख्खं गाव मॅटभोवती जमलेलं असतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक जिंकलेला डॅन गेबल याच राज्यातला. आपल्याकडे खासबाग मैदानाचं नाव ज्या आदराने घेतात, त्या आदराने तिथे शाळांच्या राज्य स्पर्धेचं नाव घेतात. ती फेब्रुवारीत राजधानी डे मॉइनला होते.

नीट समजून घ्या, हायस्कूल कुस्ती म्हणजे तिकडे शाळेच्या गॅदरिंगमधली हौस नव्हे. चौदा ते अठरा वयाची मुलं, वजनाचे ठरलेले गट, सहा मिनिटांची कुस्ती, जिल्ह्यातून पात्र ठरून राज्य स्पर्धा. चांगला खेळला तर पुढे कॉलेजची शिष्यवृत्ती.

तर २०११. आयोवात तेव्हा मुलींचा वेगळा गट नव्हता. कुस्ती खेळायची असेल तर मुलांच्याच संघात यायचं आणि मुलांशीच लढायचं. त्या वर्षी दोन मुली राज्य स्पर्धेला पात्र ठरल्या, कॅसी हर्कलमन आणि मेगन ब्लॅक. आयोवाच्या इतिहासात पहिल्यांदाच. कॅसी सीडर फॉल्सची, नववीतली, ११२ पौंड गटात, म्हणजे जवळपास ५१ किलो. त्या मोसमात तिने वीस कुस्त्या जिंकल्या होत्या, तेरा हरल्या होत्या.

पहिल्या फेरीत तिच्यासमोर आला जोएल नॉर्थरप. पस्तीस विजय, चार पराभव. विजेतेपदाच्या दावेदारांपैकी एक. कागदावर बघितलं तर पारडं उघड त्याच्याकडे झुकलेलं.

आणि जोएल मॅटवर उतरलाच नाही. त्याने कुस्ती सोडली, कॅसीला पुढे चाल मिळाली.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: या दोघींच्या कामगिरीबद्दल मला आदर आहे, पण कुस्ती हा अंगाला अंग भिडवून लढायचा खेळ आहे, त्यात जोरजबर होते, आणि एखाद्या मुलाने मुलीशी असं भिडणं माझ्या श्रद्धेला आणि सदसद्विवेकाला पटत नाही. आयोवाच्या राज्य स्पर्धेत कुस्ती जिंकणारी पहिली मुलगी म्हणून कॅसीची नोंद झाली, पण ती कुस्ती झालीच नव्हती. पुढच्या फेऱ्यांत ती हरली. जोएलचंही विजेतेपदाचं स्वप्न त्या वर्षापुरतं तिथेच संपलं.

देशभर चर्चा पेटली. अर्धे लोक म्हणाले, काय संस्कारी पोरगा. अर्धे म्हणाले, हा त्या मुलीचा अपमान आहे. कॅसीच्या वडिलांनी मात्र नॉर्थरप कुटुंबाच्या निर्णयाचा आपल्याला आदर आहे, असं सांगितलं. गंमत बघा, ज्या दोन घरांत हे घडलं ती दोन्ही घरं शांत होती, आणि वाद घालणारे सगळे बाहेरचे!

कायदा काय म्हणतो?

'मुलींना मुलांशी खेळू द्यायलाच हवं असा अमेरिकेत कायदा आहे', असं पुष्कळांना वाटतं. तसं नाहीये.

१९७२ साली तिथे एक कायदा झाला, त्याला सगळे 'टायटल नाइन' म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही, हा त्याचा गाभा. पण १९७५ मध्ये त्याचे नियम आले तेव्हा त्यात एक पळवाट ठेवली गेली. मुलांचा संघ आहे आणि मुलींचा नाही, तर मुलींना निवड चाचणी देऊ द्यायची, पण अंगाला अंग भिडणारे खेळ सोडून. त्या खेळांच्या यादीत बॉक्सिंग, रग्बी, आइस हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल यांच्याबरोबर कुस्तीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे टायटल नाइन कुस्तीच्या दाराशी येऊन थांबतं.

मग मुली आत कशा आल्या? राज्यघटनेच्या दाराने. सरकारी शाळा म्हणजे सरकार, आणि सरकारने सगळ्यांना समान वागवायचं, असं चौदावी घटनादुरुस्ती सांगते. १९९६ मध्ये कॅन्ससमध्ये 'ॲडम्स विरुद्ध बेकर' हा खटला झाला. शाळेने एका मुलीला मुलांच्या कुस्ती संघात घ्यायला नकार दिला होता. शाळेची कारणं ऐका, ओळखीची वाटतील. तिला दुखापत होईल. उद्या कुणी छेडछाडीची तक्रार केली तर? काही पालकांना हे नैतिकदृष्ट्या पटत नाही. शाळेचं वातावरण बिघडेल.

न्यायालयाने तिला खेळू द्या असा अंतरिम आदेश दिला. त्यातलं तर्कशास्त्र मला आवडलं. सुरक्षितता महत्त्वाची आहेच, पण 'मुली' नावाच्या अख्ख्या गटाबद्दल अंदाज बांधून एका मुलीला बाहेर ठेवता येत नाही. मुलांमध्येही ताकद आणि कौशल्य कमीजास्त असतंच, तिथे कोच बघून ठरवतो ना? मग इथेही बघून ठरवा. आणि छेडछाड रोखायची असेल तर छेडछाड रोखा, मुलीला बाहेर काढणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं की. खेळू द्या, विषय संपला. थांबा. आता अवघड भाग येतोय.

वजन सारखं, पण अंग सारखं का?

कुस्तीत वजनगट असतात, मग मुलगा काय आणि मुलगी काय, हा युक्तिवाद मीही करायचो. तो अर्धाच खरा आहे.

वयात येण्याआधी मुलगा-मुलगी यांच्या ताकदीत फार फरक नसतो. दहा वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या पोराला चितपट करते त्यात नवल काहीच नाही. वयात येताना मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि स्नायू, हाडं, पंजा, खांदे सगळं बदलतं. मोठं झाल्यावर पन्नास किलोचा मुलगा आणि पन्नास किलोची मुलगी यांच्या वजनाची वाटणी सारखी नसते. मुलीच्या शरीरात चरबीचा वाटा नैसर्गिकरीत्या जास्त, स्नायूंचा कमी. आणि हा फरक सगळ्यात जास्त कुठे दिसतो? दंड आणि खांद्यांत. म्हणजे नेमकं कुस्तीत जिथे काम पडतं तिथे.

आता तीन घटना शेजारी ठेवतो.

२००६, अलास्का. मिकेला हचिसन. मुलांना हरवून राज्य विजेतेपद जिंकणारी अमेरिकेतली पहिली हायस्कूल मुलगी. अंतिम कुस्ती अवघ्या एका गुणाने जिंकली. वजनगट १०३ पौंड.

२०११, आयोवा. आपली कॅसी. ११२ पौंड.

२०२०, नॉर्थ कॅरोलायना. हेवन फिच. त्या राज्यात मुलांच्या स्पर्धेत विजेती ठरलेली पहिली मुलगी. १०६ पौंड.

पॅटर्न दिसला? सगळी वजनं ४६ ते ५१ किलोंच्या मधली. सगळ्यात हलके गट. याचं माझ्या मते एक साधं कारण आहे. मुली मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात. हायस्कूलमध्ये १०३ पौंडांचा मुलगा म्हणजे बऱ्याचदा नववी-दहावीतला, अजून पुरता न वाढलेला पोरगा. त्याच्यासमोरची मुलगी मात्र अंगाने जवळपास पूर्ण वाढलेली असू शकते. त्या छोट्या खिडकीत दोघांचं गणित जुळतं आणि मग तंत्र, दम, जिद्द यांवर कुस्ती ठरते. वजन वाढत जातं तशी ती खिडकी बंद होते. १७० पौंडांच्या मुलीसमोर १७० पौंडांचा मुलगा म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा भरलेला गडी. तिथे मुलीने कितीही घाम गाळला तरी चढण फार उभी आहे.

या तिघींचं कर्तृत्व मी अजिबात कमी लेखत नाहीये. त्यांनी जे केलं ते मला सात जन्मांत जमणार नाही. पण या तिघींकडे बोट दाखवून 'बघा, मुली मुलांना हरवू शकतात, मग वेगळा गट कशाला' असं म्हणणं म्हणजे ज्या मुलीचं वजन सत्तर किलो आहे तिला विसरणं.

त्या पोराचं काय?

हा मुद्दा आपण सहसा हसण्यावारी नेतो. तसं करू नका.

आयोवात माझ्या टीममध्ये पन्नाशीकडे झुकलेला एक सहकारी होता. तिथलाच, शाळेत कुस्ती खेळलेला. एकदा जेवताना मी त्याला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, त्याच्या वेळी शेजारच्या शाळेत एक मुलगी होती आणि तिच्याशी जोड लागू नये म्हणून सगळी पोरं देवाचा धावा करायची. जिंकलास तर 'मुलीला हरवलंस, मोठा शूर' आणि हरलास तर पुढची चार वर्षं शाळेत तोंड लपवत फिरायचं. शिवाय पकडताना हात कुठे पडेल ही भीती. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात एवढं सगळं चालू असेल तर तो पट काय काढणार?

यावर माझं मत असं. हरण्याची लाज ही मुलीची चूक नाही, ती बघणाऱ्यांची आहे. ती बदलायला हवी आणि हळूहळू बदलते. डावपेचातला स्पर्श हा स्पर्शच असतो, तो छेडछाडीचा नसतो, हे तालमीत पहिल्याच आठवड्यात कळतं. पण तरीही एखाद्याला मनापासून पटत नसेल, तर त्याने न खेळण्याचा हक्क त्याला हवा. जोएलने तेच केलं, आणि त्याची किंमत स्वतः मोजली, स्वतःची संधी घालवून. हे मला प्रामाणिक वाटतं.

फरक कुठे पडतो बघा. 'मी खेळणार नाही' हा एका माणसाचा निर्णय आहे. 'तिला खेळू देऊ नका' हा दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलचा निर्णय आहे. मामांच्या गावात वस्तादांकडे गेलेले पालक दुसरी गोष्ट मागत होते. त्यांनी स्वतःच्या पोराला त्या सरावातून बाजूला ठेवायला हरकत नव्हती. पण त्यांना पोरगीच बाजूला हवी होती.

आकडे काय सांगतात

आता मला ज्याने खरं उत्तर दिलं तो डेटा.

१९९४ मध्ये अख्ख्या अमेरिकेत हायस्कूल कुस्ती खेळणाऱ्या मुली होत्या ८०४. एवढ्या मोठ्या देशात आठशे चार! जवळपास सगळ्या मुलांच्या संघात एकेकट्या. १९९८ मध्ये हवाईने मुलींची अधिकृत राज्य स्पर्धा सुरू केली, असं करणारं ते पहिलं राज्य. पुढच्याच वर्षी टेक्सस. पण बाकीची राज्यं ढिम्म. २०१८ च्या आधी अशी अधिकृत स्पर्धा घेणारी राज्यं फक्त सहा होती.

मग धरण फुटलं. राज्यामागून राज्यं मुलींचा वेगळा गट मान्य करत गेली. २०१८-१९ मध्ये मुली २१,१२४. २०२२-२३ मध्ये ५०,०१६. २०२३-२४ मध्ये ६४,२५७.

आयोवाचंच घ्या. २०१९ मध्ये तिथल्या कुस्ती कोचांच्या संघटनेने स्वतःच्या हिमतीवर मुलींची पहिली राज्य स्पर्धा भरवली. ८७ मुली आल्या. २०२२ पर्यंत तो आकडा सातशेच्या घरात गेला. त्याच वर्षी जानेवारीत खेळाला अधिकृत मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिली अधिकृत स्पर्धा झाली.

आता विचार करा. या मुली २०११ मध्ये कुठे होत्या? त्यांच्या वयाच्या, त्यांच्यासारख्या मुली तेव्हाही आयोवात होत्याच की. त्यांच्या अंगातही रग होती. पण मॅटवर यायचं तर मुलांशी लढावं लागेल, सगळं गाव बघेल, समोरचा पोरगा कदाचित उतरणारच नाही, हे माहीत असल्यामुळे त्या आल्याच नाहीत. कॅसीसारखी एखादी आली. बाकीच्या बास्केटबॉलकडे गेल्या किंवा घरी बसल्या.

आपल्याकडे कुस्तीत एक सुंदर शब्द आहे, जोड. मैदानात जोड लावतात, म्हणजे बरोबरीचा माणूस बरोबरीच्या माणसासमोर उभा करतात. जोड चुकली तर प्रेक्षक लगेच ओरडतात. मला वाटतं या सगळ्या वादात प्रश्नच चुकीचा विचारला गेला. 'मुलगी मुलाला हरवू शकते का' हा प्रश्न नव्हताच. तिला जोड कुठून मिळणार, हा प्रश्न होता.

हेलन मारूलिसची गोष्ट यासाठी ऐका. लहानपणी तिच्या भावाला सरावाला जोडीदार मिळत नव्हता, म्हणून सात वर्षांच्या हेलनला मॅटवर उभं केलं. भावाला जोड हवी होती म्हणून ती कुस्तीत आली! पुढे मेरीलँडमध्ये हायस्कूलला ती मुलांशी लढली, कारण दुसरं कुणी नव्हतं. आणि २०१६ मध्ये रिओत जपानच्या साओरी योशिदाला हरवून तिने अमेरिकेला महिला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ते सुवर्ण तिने बायकांच्या गटात जिंकलं, बरोबरीच्या जोडीशी. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. ती आलीच नसती तर हेलन शाळा संपल्यावर कुठे गेली असती?

मग उत्तर काय?

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मुलांशी खेळणं हा वर्कअराउंड आहे. मूळ सिस्टीममध्ये मुलींसाठी जागाच नव्हती, म्हणून ही तात्पुरती वाट काढली. खरा फिक्स म्हणजे मुलींचा स्वतःचा गट, स्वतःची स्पर्धा, स्वतःचे कोच. पण कुठलाही शहाणा इंजिनिअर फिक्स लाइव्ह जायच्या आधी वर्कअराउंड काढत नाही. काढला तर सिस्टीम बंद पडते. इथे सिस्टीम म्हणजे एका मुलीची शाळेतली चार वर्षं, आणि ती परत येत नाहीत.

म्हणून, जिथे मुलींचा गट नाही तिथे मुलीला मुलांशी खेळू द्यायलाच हवं. अट एकच, कोचने बाकी कुणालाही लावतो तीच कसोटी लावावी: वजन, वय, तयारी.

जिथे मुलींचा गट आहे तिथे स्पर्धा त्या गटात असणं योग्य, कारण सगळ्या चांगल्या मुली मुलांकडे गेल्या तर मुलींचा गट पुन्हा रिकामा होईल. पण सराव मिसळून करायला काहीच हरकत नाही. सराव आणि स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी भांडणं त्या एक समजल्यामुळे होतात.

तिसरी गोष्ट, वेगळा गट म्हणजे भिंत नव्हे. टेक्ससमध्ये नियम असा होता की मुलींचा गट असताना मुलीने मुलांशी खेळायचं नाही, आणि कोण मुलगी हे जन्मदाखला ठरवणार. २०१७ मध्ये मॅक बेग्ज हा ट्रान्सजेंडर मुलगा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेत होता आणि त्याला मुलांशीच खेळायचं होतं. नियमाने त्याला मुलींच्या गटात ढकललं. त्या मोसमात तो ५६ कुस्त्या खेळला आणि एकही हरला नाही. मुली नाराज, त्यांचे पालक नाराज, मॅकवर मैदानात हुर्यो. जे त्याला नको होतं आणि त्या मुलींनाही नको होतं, ते फक्त नियमाला हवं होतं. नियम लिहिताना एज केस सोडली की काय होतं त्याचं हे उदाहरण.

माझ्या त्या सहकाऱ्याने मला जानेवारीत एका शाळेच्या जिममध्ये नेलं होतं. त्याची पुतणी खेळत होती. चार मॅट, चारही मॅटवर मुली. जाड्या, बारक्या, उंच, बुटक्या, डोक्यावर घट्ट वेण्या, कानाला गार्ड. एक हरली आणि रडत आईकडे न जाता थेट कोचकडे गेली, 'पट कसा सुटला' विचारायला. वरच्या बाकांवर मुलांचा संघ बसून ओरडत होता. माझा सहकारी म्हणाला, "माझ्या वेळची ती एकटी मुलगी आज इथे असायला हवी होती." मी काही बोललो नाही. चहा नव्हता, कॉफी प्यायलो.

आज आयोवा विद्यापीठात महिलांचा कुस्ती संघ आहे. तिथली कोच क्लॅरिसा चुन ही १९९८ च्या हवाईतल्या त्या पहिल्या मुलींच्या स्पर्धेची विजेती. लंडन ऑलिंपिकचं कांस्यपदकही तिच्याकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था एनसीएए हिने महिला कुस्तीला अधिकृत अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा दिला. शाळेत दार उघडलं की पुढची दारं कशी उघडत जातात बघा.

मामांना काय सांगितलं

चार दिवसांनी मी फोन केला. आधी मामांना आठवण करून दिली की आपल्याकडे हे नवीन नाही. १९५० च्या दशकात हमीदा बानू पुरुष पैलवानांशी लढायची. १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं, २०२४ मध्ये गुगलने त्यावर डूडल केलं. फोगट बहिणी गावात पोरांशी खेळूनच तयार झाल्या, तो सिनेमा तर मामांनी तीनदा पाहिलाय. आणि आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तिथे सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. म्हणजे तुमच्या पोरीला पुढे खेळायला जागा आहे. फक्त तिथपर्यंत पोचायला आत्ता सराव हवा.

मग म्हटलं, "मामा, तालीम बंद करू नका. वस्ताद समोर असताना, तिच्या वजनाच्या आणि ज्याला चालतं अशाच पोराशी सराव करू द्या. ज्याला नको त्याला आग्रह नको. आणि आसपासच्या गावांत चौकशी करा. तिच्यासारखी एकटी पोरगी आणखी कुठल्या तरी तालमीत नक्की असणार. तिलाही जोड नसणार."

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही म्हणती पोरीची जात हाय, उद्या काय झालं तर? मी काय सांगू हिला?"

मी म्हटलं, "मामींना एकदा तालमीत न्या. बघू द्या काय चालतं ते."

परवा मामांचा मेसेज आला. व्हॉइस नोट, कारण मामांना टाइप करायचा कंटाळा. मामी तालमीत गेली होती. काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या दुधात बदाम वाढलेत. आणि नदीपलीकडच्या गावात दोन पोरी सापडल्यात, एक तिच्यापेक्षा दोन किलोंनी जास्त, एक बरोबर तिच्या वजनाची. दर रविवारी तिघींचा सराव ठरलाय. व्हॉइस नोटच्या शेवटी मागून पोरीचा आवाज येतो, "दादाला सांगा, पहिल्याच दिवशी पाडली मला तिनं!"

एवढ्या आनंदाने हरल्याचं सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं.

तर मंडळी, तुम्हाला काय वाटतं? तुमच्या शाळेत, गावात, तालमीत अशी एकटी मुलगी होती का? तिचं पुढे काय झालं? मला व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. आणि तुम्ही स्वतःच ती मुलगी असाल, तर नक्कीच पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कान सांभाळा. माझा डावा अजून दुखतो.